पडीक जागेचे निळे रहिवासी

'पडीक' हा शब्द आपण फार सहज वापरतो. ज्या जमिनीत पीक नाही, इमारत नाही, बाग नाही, ती पडीक. महसुली दप्तरापासून गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत कुठेही हा शब्द एकदा उच्चारला गेला, की पुढचे सारे ठरलेलेच असते. ती जागा 'उपयोगात' आणायची. तिथे आधीपासून कोणी राहते का, याची चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आज मी अशाच काही रहिवाशांची बाजू मांडणार आहे. ते मतदार नाहीत, सभासद नाहीत, आणि पंख मिटून बसले तर अंगठ्याच्या नखाएवढेच भरतात.

ही आहेत छोटी निळी फुलपाखरे. पाऊस ओसरू लागला, की रस्त्याकडेच्या गवतावर, एकदांडीच्या फुलांभोवती ती गुडघ्याखालच्या उंचीवरून भिरभिरत असतात. गंमत अशी, की त्यांचा निळा हा रंगद्रव्याचा रंगच नव्हे. पंखांवरच्या खवल्यांची सूक्ष्म रचना उजेडातला निळा तेवढा परत फेकते. पंख मिटले की खालची बाजू राखाडी, तिच्यावर बारीक ठिपके; समोर असूनही ते दिसत नाही. लायकेनिडी या त्यांच्या कुळात जगभरात पाच हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या अंगणात येणाऱ्यांना अभ्यासक 'पेल ग्रास ब्लू', 'पी ब्लू', 'झेब्रा ब्लू' अशा इंग्रजी नावांनी ओळखतात.

फुलपाखरू कुठे राहते, असे विचारले तर आपण म्हणू, फुलांवर. पण फूल ही त्याची खाणावळ झाली. घर असते ते अळीच्या झाडावर, आणि त्या बाबतीत ही मंडळी भलतीच चोखंदळ. पेल ग्रास ब्लूची मादी अंडी घालते ती मुख्यतः आंबुटीवर. कुंडीतून आपण रोज उपटून टाकतो तीच ही तीन पानांची आंबट वनस्पती. झेब्रा ब्लूला चित्रक लागतो, पी ब्लूला शेंगा धरणाऱ्या वनस्पती. काहींचा तर मुंग्यांशी करार असतो. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड द्राव पाझरतो, तो मुंग्या चाटतात आणि मोबदल्यात तिच्यावर अंडी घालायला टपलेल्या गांधीलमाश्यांना हुसकावतात. म्हणजे घर म्हटले की झाड, माती आणि शेजारी असे तिन्ही आले.

आमच्या सोसायटीत कुंपणालगतच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय निघाला, तेव्हा मी हे सगळे सभेत सांगितले. लोकांनी सौजन्याने ऐकून घेतले. मग आक्षेप आले. गवतात डास होतात, असे एक जण म्हणाले. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आंबुटीच्या पानावर नव्हे, हे मी सांगितले. पण एका काकांचा प्रश्न मात्र रास्त होता. "ही फुलपाखरे दुर्मीळ आहेत का हो?"

नाहीत. आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. दुर्मीळ प्राण्याची नोंद होते, त्याच्यासाठी अभयारण्य निघते. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केले, तो मान मिळाला 'ब्लू मॉरमॉन' या तळहाताएवढ्या देखण्या फुलपाखराला. त्याचा आनंदच आहे. पण जे सर्वत्र असते, ते एकेका अंगणातून कमी होत जाते तेव्हा कोणी मोजत नाही. वास्तविक सामान्य असणे हीच त्यांची मोठी उपयुक्तता. 2011 च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर जपानी संशोधकांनी किरणोत्साराचे परिणाम तपासण्यासाठी निवडले ते हेच आपले पेल ग्रास ब्लू. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वादही झाला; पण निवडीचे एक कारण साधे होते. माणूस जिथे राहतो तिथेच, मातीला चिकटून, हे फुलपाखरू राहते. साक्षीदार हवा तर तो शेजारीच असावा लागतो.

घर न ओळखता केलेले रक्षण कसे अंगाशी येते, याचा धडा इंग्लंडने घेतला आहे. तिथल्या 'लार्ज ब्लू' या फुलपाखराचे संग्राहक त्याला पकडून नेतात म्हणून एका जागेला कुंपण घातले गेले. संग्राहक थांबले, पण चरणारी जनावरेही थांबली आणि फुलपाखरू तिथून नाहीसेच झाले. त्याची अळी काही आठवडे थाइमच्या फुलांवर जगते आणि मग एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात जाऊन त्यांची पिल्ले खात वाढते. ती मुंगी राहते उन्हाने तापलेल्या, आखूड गवताच्या उतारावर. चराई थांबली, गवत वाढले, माती थंडावली, मुंगी गेली आणि तिच्यामागून फुलपाखरू. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने हे कोडे सोडवले, पण तोवर उशीर झाला होता. 1979 मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झाले. पुढे गवत आखूड राखलेल्या उतारांवर स्वीडनमधून आणून ते पुन्हा सोडण्यात आले, आणि आज तिथे उडते आहे.

आपल्याकडची माती वेगळी, मुंग्या वेगळ्या. पण सद्भावनेने होणारी चूक तीच. उघडा माळ दिसला, की आपल्याला तो ओसाड वाटतो आणि आपण त्यावर गिरिपुष्पाची रोपे लावून फोटो काढतो. सरकारी दप्तरातही झुडपी माळ पडीक जमिनींतच मोजला जातो. झाडे हवीतच. पण गवताळ माळ म्हणजे झाडे लावायची राहून गेलेली जागा नव्हे. तीही एक नांदती वस्ती आहे.

माझे मागणे मोठे नाही. सोसायटीत, शाळेच्या आवारात, कार्यालयाच्या मागे दहा फुटांचा पट्टा फरशीविना सोडावा. तिथे तणनाशक मारू नये. गवत फार वाढले तर कापावे, पण मुळासकट खणू नये, आणि एकदम सगळे न कापता अर्धे राखून कापावे, म्हणजे अळ्यांना आसरा उरेल. माळावर खड्डे घेण्यापूर्वी तिथे काय उगवते आणि कोण उडते, हे निदान एक पावसाळा पाहावे. यातल्या कशालाही अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. लागतो तो थोडा आळस, आणि त्याची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती!

आमच्या सभेत तडजोड झाली. निम्म्या पट्ट्यावर ब्लॉक बसले, निम्मा तसाच राहिला. इतिवृत्तात त्याची नोंद 'पडीक भाग' अशी झाली आहे. पुढच्या सभेत ती दुरुस्त करून घेण्याची सूचना मी दिली आहे.