एकाच डबीचे दोन दाखले

कोपरखैरण्याहून पावण्याकडे, महाप्याकडे निघालं की टीटीसी औद्योगिक वसाहतीतले गाळे लागतात. तिथल्या छोट्या उत्पादकांची क्रीम आणि सीरम तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात. हल्ली लेबलांवर 'जिवंत प्रोबायोटिकयुक्त' हे शब्द फार दिसू लागलेत. मागच्या उन्हाळ्यात एका उत्पादकाला एकाच क्रीमसाठी दोन दाखले हवे होते. यात जंतू तग धरत नाहीत, हा पहिला. यात लॅक्टोबॅसिलस जिवंत आहेत, हा दुसरा. पहिला मी दिला, दुसरा दिला नाही.

पहिला दाखला चॅलेंज टेस्टचा. क्रीममध्ये मुद्दाम ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास असे जिवाणू आणि सोबत बुरशी सोडायची, मग ठरलेल्या दिवशी मोजणी करायची. आयएसओ ११९३० च्या कडक निकषानुसार ७ दिवसांत जिवाणू हजारपटीने घटले पाहिजेत. हे क्रीम त्यात छान उतरलं. फेनॉक्सीइथेनॉल हा प्रिझर्व्हेटिव्ह त्यासाठीच तर घातलेला असतो.

"पण आमचा जिवाणू चांगला आहे ना, मॅडम," हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. चांगला की वाईट हे आपण ठरवतो, प्रिझर्व्हेटिव्हला त्यातलं काही कळत नाही. तो पेशीचा पडदा खिळखिळा करतो, मग ती पेशी कुणाचीही असो. तरीही शंकेला जागा नको म्हणून मी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट घालून प्रिझर्व्हेटिव्ह निष्प्रभ केला, एमआरएस अगारच्या प्लेटवर नमुना पसरला आणि ३७ अंशांवर हवाबंद बरणीत तीन दिवस ठेवला. त्यांनीच दिलेल्या मूळ कल्चरच्या प्लेटवर दुधाचे थेंब सांडावेत तशा पांढुरक्या कॉलनी उठल्या होत्या. क्रीमची प्लेट कोरी. प्रकाशासमोर धरून, तिरकी करून पाहिली, तरी कोरीच.

मग प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाकायचा का? पाणी असलेल्या क्रीममध्ये हे करणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून फक्त पाहुणेच येतील असं मानणं. जुलैतली आपल्याकडची दमट हवा, न्हाणीघरातली फळी, डबीत रोज जाणारं ओलं बोट. अशा ठिकाणी स्यूडोमोनास सुखाने वाढतो, आणि तेच क्रीम कुणीतरी इसबाने चिरलेल्या कातडीवर लावणार असतं.

काहीजण आजीच्या दही-बेसनाचा दाखला देतात. आजीचं दही सकाळी विरजणातून काढलेलं असायचं आणि पाव तासात धुतलं जायचं. दोन वर्षं फळीवर टिकेल असं ती म्हणाली नव्हती. शिवाय त्यातलं लॅक्टिक आम्लही आपलं काम करतच असतं.

पण म्हणून "हे सगळंच थोतांड" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मेलेल्या किंवा फोडलेल्या पेशींचा अर्क, म्हणजे लायसेट, बिनकामाचा नाही. व्हिट्रिओसिला फिलिफॉर्मिस या जिवाणूच्या लायसेटवर त्वचारोगतज्ज्ञांनी चाचण्या घेतल्या आहेत. २०२१ मध्ये अशा निर्जीव जैविक घटकांसाठीच्या 'पोस्टबायोटिक' या नावाची स्वतंत्र व्याख्याही ठरली. मग लायसेटला लायसेट म्हणायला लाज कसली? २००१ च्या जागतिक व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने दिलेले, आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. मेलेल्यांना ते नाव लागत नाही.

त्वचेवर जिवंत जिवाणू लावण्याचा विचारही पोरकट नाही. अमेरिकेत रोझिओमोनास म्युकोसा हा निरोगी त्वचेवरचा जिवाणू इसबाच्या रुग्णांना फवारून दिला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० प्रौढ आणि ५ मुलांवरच्या छोट्या अभ्यासात सुधारणा दिसली, मात्र २०२१ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या चाचणीत मुख्य निकष गाठता आला नाही. हे दोन्ही निकाल मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आईला सांगितले. तिच्या मुलाचे कोपर रात्रभर खाजतात. आशा दाखवून अर्धीच गोष्ट सांगणं मला जमलं नसतं.

जिवंत उत्पादन करता येतं. त्यासाठी आधी पाणी काढावं लागतं. गोठवून सुकवलेली पूड निर्जल तेलात ठेवता येते, किंवा वेगळ्या पुडीत देऊन वापरतेवेळी कालवता येते. बॅसिलसचे बीजाणू वापरता येतात, ते फार चिवट. नाहीतर अमेरिकेतल्या नायट्रोसोमोनास जिवाणूच्या फवाऱ्यासारखं फ्रिजमध्ये ठेवायला सांगावं आणि मुदत कमी ठेवावी. लेबलवर जिवाणूची जात आणि स्ट्रेन हवा. संख्याही हवी, पण ती भरल्या दिवसाची नको, मुदत संपतानाची हवी.

अडचण नियमांतही आहे. त्वचेच्या क्रीमच्या भारतीय मानकात एका ग्रॅममध्ये १००० पेक्षा जास्त सूक्ष्मजीव चालत नाहीत, आणि त्या मोजणीत हवे-नको असा भेद नाही. खाण्याच्या प्रोबायोटिकसाठी आपल्याकडे वेगळे नियम झाले, तसे लावण्याच्या उत्पादनांसाठीही व्हायला हवेत. त्याशिवाय प्रामाणिक उत्पादक अडकून पडेल आणि कोऱ्या प्लेटवाला निवांत विकत राहील.

तो उत्पादक आधी रागावला होता, पुढे मात्र पुड्या घेऊन आला. ३० अंशांवर तीन महिने ठेवलेल्या पुडीची प्लेट मी काल मोजली. भरतेवेळच्या आकड्यापेक्षा कॉलनी बऱ्याच कमी होत्या, पण होत्या. पुडी मुदत संपेपर्यंत दर तीन महिन्यांनी मोजायची आणि शेवटी उरेल तोच आकडा छापायचा, असं आमचं ठरलं आहे.