टाकीच्या तळाशी



विहिरीला पाणी लागले की घरात पेढे वाटतात. पण हेच पाणी इंजिनाच्या टाकीत लागले तर घरातले पैसे वाटावे लागतात! आज त्या नको असलेल्या पाण्याविषयी बोलू.

मुरबाड रस्त्याच्या बाजूला आमचे एक नात्यातले काका आहेत. नदीकाठी दीड एकर भेंडी आणि काकडी, आणि पाणी उचलायला पाच घोड्यांचे डिझेल इंजिन. पावसाळाभर इंजिन गोठ्याच्या पडवीत झाकून ठेवलेले. दिवाळीनंतर बाहेर काढले, हँडल मारले, सुरू झाले. अर्धा तास नीट चालले, मग ठोके चुकवू लागले, पांढरा धूर टाकला आणि बंद. हवा काढली, पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. गावातल्या कारागिराने सांगितले, नोझल गेले. नवे नोझल घातले. आठ दिवसांत तेही गेले. इकडे भेंडी फुलावर आलेली आणि पाण्याची पाळी चुकलेली.

शेवटी काकांनी नोझल आणि पंप पिशवीत घातला आणि मला बरोबर घेऊन उल्हासनगर गाठले. कांबा, वरप, म्हारळ ओलांडले की कॅम्प नंबर एक. आपल्याकडच्या कितीतरी माणसांना हा रस्ता ठाऊक आहे. सुटा भाग मिळत नसला की पाय आपोआप तिकडे वळतात. 1947 च्या फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना इथल्या लष्करी छावणीच्या बॅरेकींत जागा मिळाली. 1949 साली वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले, पण तोंडी राहिला तो ‘कॅम्प’च. हाती काही नसताना ज्यांनी संसार उभे केले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे कारखाने, दुकाने आज तिथल्या गल्लीगल्लीत आहेत.

दुकानातले म्हातारे मिस्त्री सिंधी, पण मराठी चांगले बोलणारे. त्यांनी नोझल उजेडात धरले, पंप खोलला, प्लंजरवर बोट फिरवले आणि विचारले, “काका, डिझेल कशात ठेवता?”

“बॅरलमध्ये. पडवीच्या बाहेर उभं आहे.”

“उभं? आणि पावसात?”

“बूच घट्ट लावलंय की, मिस्त्री.”

मिस्त्री हसले. “बूच घट्ट असलं तरी बॅरल श्वास घेतं. दिवसा उन्हानं आतली हवा फुगते, बाहेर जाते. रात्री गार झालं की आत ओढते. बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचलेलं असलं, तर हवेऐवजी पाणीच ओढते. नोझल बदलून काय होणार? रोगी वेगळा, औषध वेगळ्यालाच!”

मग त्यांनी समजावले ते असे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की पेट घेतो. फवाऱ्यासाठी लहान इंजिनातसुद्धा चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलो इतका दाब लागतो. तो दाब धरायला पंपाचा प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाइतकी असते. तिथे वंगण घालायला दुसरे तेल नसते, डिझेल हेच तिथले वंगण. डिझेलच्या जागी पाणी आले की लोखंडावर लोखंड घासते, गंज धरतो, दाब जातो.

काकूंना घरी आल्यावर हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे कढईतल्या तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडतो तसंच की!” अगदी तसेच. पाण्याचा थेंब नोझलच्या तापल्या टोकाशी पोचला की त्याची एका क्षणात वाफ होते आणि त्या तडाख्याने टोकच फुटू शकते. पांढरा धूर दिसतो त्यात बरेचदा ही वाफ असते.

आता प्रश्न असा, की इंजिन आधी अर्धा तास नीट का चालले? इथेच खरी मेख आहे. लिटरभर पाणी 1000 ग्रॅम भरते, तर लिटरभर डिझेल साधारण 830 ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसते आणि वर डिझेल राहते. इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून थोडी वर असते, त्यामुळे तळाचे पाणी पडून राहते, कुणाला कळत नाही. टाकी हलली किंवा डिझेल खाली गेले की ते नळीत शिरते.

मिस्त्रींनी वसई-उत्तनकडच्या मच्छीमार होड्यांच्या पंपांची कामेही केली आहेत. ते म्हणाले, “काका, तुमचं इंजिन बंद पडलं तर भेंडी सुकते. होडीचं बंद पडलं तर माणसं जातात. बंदरात होडी उभी असते तेव्हा पाणी तळाला शांत असतं. वारा सुटला, होडी हेलकावे खायला लागली, की तळाचा गाळ-पाणी सगळं ढवळून वर येतं. म्हणजे इंजिनाची खरी गरज असते, नेमकं तेव्हाच ते दगा देतं.”

आपल्या उल्हास नदीचेच पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथल्या कोळी बांधवांच्या होड्या जून-जुलैत बंदीमुळे किनाऱ्याला उभ्या असतात. आपली पाण्याची इंजिनेही त्याच दिवसांत पडवीत असतात. दोघांच्या टाक्या अर्ध्या रिकाम्या, आणि हवेत दमट ओल. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री गार पत्र्यावर दव धरते आणि ओघळून तळाला जाते. असे दोन महिने थेंब-थेंब साचते. नांगराला जुंपलेला ट्रॅक्टर बांधावरून उसळतो तेव्हा त्याचीही होडीच होते!

पाण्याबरोबर आणखी एक पाहुणा येतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरावर बुरशी आणि जंतू वाढतात. ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. त्यांचा काळपट-तपकिरी चिकट गाळ फिल्टरमध्ये बसतो. फिल्टर वारंवार तुंबत असेल आणि त्यात शेवाळासारखे बुळबुळीत काही दिसत असेल, तर फिल्टर बदलून थांबू नका. टाकी उतरवून धुवा.

पुराचे पाणी हा तर वेगळाच धडा. 26 जुलै 2005 चा पूर बदलापूर-कल्याणकडच्या माणसांना विसरता येणार नाही. 2019 च्या जुलैत उल्हास अशीच फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली. सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पुरात इंजिन बुडाले असेल, तर पाणी ओसरल्यावर उत्साहाने हँडल मारू नका. टाकी, नळ्या, फिल्टर रिकामे करा, तळाचे वंगण तेल बदला, सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री जाणत्या कारागिराकडून करून घ्या, मगच सुरू करा.

मिस्त्रींनी सांगितलेले आणि काकांनी त्यानंतर पाळलेले नियम असे :

परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळाच्या बुचातून पहिले अर्धा लिटर डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. डिझेल नुसते गढूळ, दुधाळ दिसले तरी त्यात पाणी मिसळले आहे असे समजा.

बॅरल आडवे ठेवा, छपराखाली, लाकडाच्या ओंडक्यांवर. दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे फिरवा, म्हणजे ती आतून डिझेलखाली राहतात आणि हवा ओढत नाहीत. उभेच ठेवणे भाग असेल तर एका बाजूला विटा घालून कलते करा आणि बूच उंच बाजूला येऊ द्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात डिझेल साठवू नका. जस्त आणि डिझेलचे जमत नाही.

नवे डिझेल आणल्यावर लगेच ओतू नका. रात्रभर बसू द्या, वरचे काढा, तळाचे चार बोटे राखा. कापडाची गाळणी कचरा अडवते, पण पाण्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही.

काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरा. रिकामी जागा उरली नाही तर दव कुठे धरणार? पावसाळ्यासाठी इंजिन ठेवतानाही टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि काढताना आधी तळाचे बूच उघडा.

फिल्टरखालच्या वाटीतले पाणी आठवड्याला एकदा सोडा. पाणी घालवायला म्हणून स्पिरिट किंवा रॉकेल ओतू नका. स्पिरिट पाण्याला आपल्यात घेऊन फिल्टरमधून थेट पंपापर्यंत नेते.

आणि काढलेले घाण डिझेल-पाणी विहिरीजवळ, ओढ्यात की नदीत टाकू नका. शहाड-टेमघर योजनेसारख्या पाणीयोजना याच उल्हास नदीतून पाणी उचलतात. आपल्या टाकीतली घाण दुसऱ्याच्या माठात कशाला? डब्यात साठवा आणि जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

हिशेब करून पाहा. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद टाकीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढे, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर पाणी साचले, तर ते साडेचार लिटर होते! काकांच्या टाकीतून आणि बॅरलमधून मिळून एक बादली निघाली. प्लंजर आणि नोझल बदलावे लागले. पुढची भेंडी वाचली, पण आधीच्या चुकलेल्या पाळीचा तोडा हातचा गेला तो गेलाच.

आता काकूंनी खिडकीत एक काचेची बाटली कायमची ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी त्यात डिझेल भरून ठेवतात आणि सकाळी चहा ठेवताना बघतात. काका म्हणतात, “आमच्या इंजिनाचा डॉक्टर स्वयंपाकघरात बसतो.”

तुमच्या घरी एखादी रिकामी बाटली असेलच. आज संध्याकाळी टाकीचे बूच उघडून पाहाल ना?