आधी ऑर्डर विंडो, मग चार्ट

ट्रेडिंगला कुठलं ॲप भारी, हा वाद सध्या कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास रंगतो. कुणी इंडिकेटर मोजतो, कुणी डार्क मोडवर फिदा असतो. खरं तर कॅण्डल, मूव्हिंग ॲव्हरेज, आरएसआय आता बहुतेक ब्रोकरांच्या ॲपमध्ये मिळतंच. त्यावर डोकेफोड कशाला? पैसे अडकतात ते ऑर्डर विंडोत.

तिथे ‘मार्केट’ आणि ‘लिमिट’ यांपैकी काय आधीपासून निवडलेलं असतं, ते आधी बघा. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला सौदा. उलाढाल कमी असलेल्या शेअरचा भाव स्क्रीनवर १०० दिसतो आणि हातात पडतो १०२ ला. मग स्टॉपलॉस. स्टॉपलॉस-लिमिटमध्ये ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव टाकायचे असतात, आणि नवखे इथेच फसतात. समजा, १०० ला घेतलेल्या शेअरला तुम्ही दोन्हीकडे ९५ टाकलेत. भाव ९६ वरून थेट ९४ वर आला, तर ऑर्डर जागी होते खरी, पण ९५ ला घेणारा कुणी नसतो. शेअर घसरत राहतो, तुमची विक्री लटकलेलीच! लिमिट ९३ ठेवली असती तर त्याच घसरणीत बाहेर पडायची संधी होती. हे दोन रकाने ॲपमध्ये सरळ दिसतात का? इंट्राडे की डिलिव्हरी, हे बटण दाबण्याआधी ठळक कळतं का?

चार्टवरूनच एका टॅपमध्ये ऑर्डर टाकायची सोय मोठ्या कौतुकाने दाखवली जाते. आम्हाला ती तितकीशी पटत नाही. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ जण तोट्यात होते. वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के, आणि तिशीच्या आतल्यांत ७६ टक्के. म्हणजे आपलीच मंडळी! ‘नक्की ना?’ असं विचारणारी ती कटकटी स्क्रीन सेटिंगमध्ये जाऊन बंद करू नका.

आणि ॲप पारखायचंच असेल तर स्वस्तातला एकच शेअर घ्या. त्याला स्टॉपलॉस लावा, बदला, रद्द करा. हे सगळं सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताना करून बघा.