आधी टेप, मग शॉक

दोन इंच उचललेल्या गाडीला शॉकअप कोणता टाकायचा, हा प्रश्न आपल्या गॅरेजांत बहुधा उलट्या टोकाने सोडवायला घेतला जातो. आधी कंपनी, मग किंमत, मग रंग. लांबीचा विषय निघतो तो बोल्ट बसेना झाला की! गिऱ्हाइकाचं समजू शकतं, मोबाइलवर जे पाहिलं तेच तो मागणार. पण ज्याच्या हातात पाना आहे त्यानेही डब्यावरचं चित्र पाहून माल काढावा, हे पटत नाही. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. दीड-दोन इंचांपर्यंतच्या उचलीला योग्य लांबीचा, गॅस भरलेला साधा ट्विन-ट्यूब शॉक बहुतेक गाड्यांना पुरतो. त्यापेक्षा महाग माल सुचवणाऱ्याने त्याची गरज दाखवून द्यावी.

गाडीचं वजन पाटे, कॉइल किंवा टॉर्शन बार पेलतात. शॉक फक्त त्यांची उसळी आवरतो. त्यामुळे शॉक निवडण्याआधी गाडी उचलली कशी, हे विचारायला हवं. शॅकल लांब केली असेल, कॉइलखाली स्पेसर घातला असेल किंवा २०१०मध्ये आलेल्या थार सीआरडीईसारख्या गाडीत पुढच्या टॉर्शन बारचा बोल्ट आवळला असेल, तर गाडी वर गेली तरी स्प्रिंगचा कडकपणा होता तेवढाच राहतो. अशा गाडीला कंपनीच्याच व्हॉल्व्हिंगचा शॉक चालतो, फक्त लांबी जुळली पाहिजे. याउलट जिप्सीच्या किंवा एमएम ५४०च्या पाट्यांत एखादं पान वाढवलं असेल, किंवा जाड तारेची कॉइल टाकली असेल, तर स्प्रिंग दाबल्यावर जास्त जोराने परत येते. तिथे रिबाउंडला कडक असलेला शॉकच लागतो. जुना ठेवला तर गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते, आणि दोष नव्या पाट्यांवर येतो. पाट्यांचं काम केलेल्या मेस्त्रीला मग फुकटच्या शिव्या बसतात.

आता मापाकडे येऊ. हिशेबासाठी एक गाडी धरू, ज्यात शॉक जवळपास उभा बसतो. तिच्या मूळ शॉकची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची उघडी लांबी ५४० मिलिमीटर आणि बंद लांबी ३३५, म्हणजे स्ट्रोक २०५. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना हे अंतर ४३०, आणि बंप स्टॉपचा रबर पूर्ण दबला की ३५०. म्हणजे चाक खाली लोंबायला ११० मिलिमीटर आणि वर जायला ८०. आता गाडी ५० मिलिमीटर उचलली. उभ्या गाडीचं माप ४८० झालं. वर जायला १३० मिळाले, पण लोंबायला फक्त ६० उरले. गाडी दिसायला रुबाबदार झाली आणि चाकाची खालची हालचाल जवळजवळ निम्म्यावर आली. जांभ्याच्या चरांत एक चाक हवेत राहतं आणि धक्‍क्यागणिक शॉक आतल्या आत शेवटापर्यंत ताणून ठोका खातो. बुश फाटणं, वरचा पिन वाकणं, सीलमधून तेल झिरपणं या तक्रारी अशा गाड्यांत पुन्हा पुन्हा येतात. शॉकची कंपनी बदलून त्या थांबत नाहीत.

मग ५० मिलिमीटर लांब शॉक घ्यावा का? इथे दुसरा सापळा आहे. एकाच बांधणीच्या शॉकमध्ये स्ट्रोक जितका वाढतो तितकीच नळीही लांब करावी लागते. म्हणजे उघडी लांबी ५० वाढली की बंद लांबीही साधारण २५ वाढते. आपल्या हिशेबातला नवा शॉक उघडा ५९० आणि बंद ३६० होईल. पण रबर दबल्यावर गाडीत जागा आहे ३५०ची! म्हणजे पूर्ण भार आला की बंप स्टॉपच्या आधी शॉकच टेकणार आणि घणाचा घाव त्याच्या पिस्टनवर, दांड्यावर आणि चेसिसच्या ब्रॅकेटवर बसणार. उपाय स्वस्त आहे. बंप स्टॉपखाली २५ मिलिमीटरचा ठोकळा घाला, रबर ३७५वर पूर्ण दबेल आणि शॉकला १५ मिलिमीटरची सवड राहील. वरची हालचाल १०५, खालची ११०. ज्यांना शॉक तोच ठेवून नुसता ब्रॅकेट खाली सरकवायचा आहे त्यांनाही हा हिशेब चुकत नाही, कारण ब्रॅकेट २५ने सरकला की उघडं आणि बंद दोन्ही मापं २५नेच सरकतात.

शॉक तिरका बसत असेल तर हे आकडे तसेच लागू होत नाहीत. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर चाकाच्या हालचालीच्या सुमारे ८७ टक्के हालचाल शॉकला मिळते आणि चाकापाशी त्याचा आवर ७५ टक्क्यांवर येतो. ४५ अंशांवर आवर निम्माच राहतो. हौशी वेल्डिंग करून शॉक आणखी आडवा बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कॉइलच्या गाड्यांत जास्त सावध राहायला हवं. मागच्या एक्सलला लोंबण्यापासून रोखण्याचं काम तिथे बहुधा शॉकच करतो. जिमनीला पुढे-मागे आणि २०२०नंतरच्या थारला मागे कॉइलवर सरळ एक्सल आहे. तिथे गरजेपेक्षा लांब शॉक टाकला की पूर्ण लोंबल्यावर कॉइल बैठकीतून सुटू शकते आणि ब्रेकचा होज ताणला जातो. नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइलच्या आत शॉक आहे. तिथे वरच्या माउंटवर स्पेसर घातला तर शॉकचा स्ट्रोक आहे तेवढाच राहतो आणि सगळी हालचाल खाली सरकते. वरचा आर्म, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट कुठल्या कोनात जातो ते चाक लोंबवून पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

आता पैशांचं. मोनोट्यूबची हवा सध्या जोरात आहे, आणि तिला आधारही आहे. फ्रान्सच्या दे कार्बन यांच्या कल्पनेवर जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५०च्या दशकात मोनोट्यूब बाजारात आणला, आणि तेव्हापासून त्याचं मुख्य बळ तेच आहे. तेल आणि गॅस वेगळे राहत असल्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळी थेट हवेत असल्यामुळे ती लवकर थंड होते. लांबवर खडखडीत कच्च्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याला हा फरक जाणवतो. पण आपल्या सह्याद्रीतल्या वाटा बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या. दगडावरून रांगताना शॉक तापत नाही, त्याला दगड लागतो. मोनोट्यूबमध्ये पिस्टन बाहेरच्या नळीलाच घासून चालतो, त्यामुळे नळीला पोचा आला की शॉक अडकतो, म्हणजे संपला. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी पोचली तरी आतली बहुधा शाबूत राहते. दर शनिवारी लोणावळ्याच्या आसपास चिखलात जाणारा आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर जाणारा माणूस आमच्या मते ट्विन-ट्यूबचाच गिऱ्हाईक आहे. रिझर्व्हायरवाले शॉक स्पर्धकांसाठी ठेवा. गोव्यात २०१४पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होत आलं आहे. तिथल्या गाड्यांची गरज वेगळी आणि खिसाही वेगळा.

मात्र स्वस्त म्हणजे कुठलाही नाही. बिनगॅसचा तेलाचा शॉक उचललेल्या, मोठ्या टायरच्या गाडीत टाकू नये. खडबडीत रस्त्यावर त्यात लवकर फेस होतो आणि ब्रेकचं पेडल दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं. वापरलेला ‘रिपेअर केलेला’ शॉक तर घेऊच नका. बाहेरून रंग दिलेला असतो, पण आतला व्हॉल्व्ह तोच. आणि एका एक्सलवरचे दोन्ही शॉक कायम जोडीनेच बदला, गिऱ्हाईक एकच गळतोय म्हणून हट्ट धरून बसला तरीही.

एक कायद्याची गोष्ट थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४)नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शॉक बदलणं हा देखभालीचा भाग, गाडी उचलणं नव्हे. बिल फाडण्याआधी गिऱ्हाइकाला ही गोष्ट तोंडावर सांगावी.

शेवटी उत्पादकांकडे एक मागणी. पुण्यात मुख्यालय असलेली गॅब्रिएल इंडिया १९६१पासून या धंद्यात आहे, आणि देशी शॉक आज रस्त्यावर सहज मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण परदेशी ऑफ-रोड कॅटलॉगमध्ये उघडी लांबी, बंद लांबी आणि माउंटचा प्रकार छापलेला असतो. आपल्या काउंटरवर मात्र गाडीचं नाव सांगा आणि डबा घ्या, एवढाच व्यवहार. ही तीन मापं डब्यावर छापायला फार खर्च येणार नाही. ती छापली तर उचललेल्या जिप्सीला दुसऱ्या एखाद्या गाडीचा शॉक चालतो का, हे दुकानात उभं राहूनच कळेल.

तोपर्यंत हे काम आपणच करू. येत्या महिन्यात जे शॉक बदलाल त्यांची उघडी आणि बंद लांबी, खालच्या-वरच्या माउंटचा प्रकार आणि बुशच्या स्लीव्हचा व्यास लिहून ठेवा. सोबत गाडीचं मॉडेल, उचल किती आणि कशी केली तेही लिहा, आणि कागद आमच्याकडे पाठवा. आलेली मापं तपासून तक्ता करून छापू. पाठवणाऱ्या गॅरेजचं नाव हवं असेल तर देऊ, नको असेल तर देणार नाही.