टीव्ही का रुसला?

संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, असं सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली ठरवलं. आमच्या साताऱ्यातल्या घरी मात्र भोंग्याशिवायच टीव्ही बंद पडू लागला! मॅच रंगात आली की चित्र थिजायचं, नि टीव्ही आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू.

भाच्याला विचारलं, तर म्हणाला, "मामा, मी त्यात फुकटचं व्हीपीएन टाकलंय." सापडला चोर!

व्हीपीएन म्हणजे काय? साताऱ्याहून सांगलीला पत्र कराडवरून सरळ जाईल. तेच कुलूपबंद पेटीत घालून आधी मुंबईला धाडलं, आणि तिथून सांगलीला, तर? पाठवणाऱ्याचा पत्ता लपतो खरा, पण प्रत्येक पेटीचं कुलूप लावायचं-काढायचं काम टीव्हीच्या गळ्यात पडतं. बऱ्याच टीव्हींची मेमरी जेमतेम एक-दोन जीबी. दमणार नाही तर काय!

मग आम्ही बटण बंद करून पिन काढली, मिनिटभर थांबलो. (रिमोटनं बंद केलेला टीव्ही नुसती डुलकी घेतो!) पुन्हा लावून सेटिंग्जमधून ते ॲप काढलं, सॉफ्टवेअर अपडेट केलं. झालं काम! 'फॅक्टरी रिसेट' मात्र आईबाबांना विचारल्याशिवाय करू नका हं, सगळं पुसलं जातं.

पण मुंबईत पेटी उघडणारा कोण? मे २०२४ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी एक टोळी उघडकीला आणली. तिनं फुकटच्या व्हीपीएनमधून जगभरचे लाखो संगणक गुपचूप आपल्या कामाला जुंपले होते. हे ऐकून भाच्यानं त्याच रात्री पासवर्डही बदलले.