गाडीवाल्याला दया नको, दाखला हवा

आपल्या समाजातल्या कोणत्याही मेळाव्याला जा, 'तरुणांनी नोकरीची वाट न पाहता धंदा करावा' हा उपदेश ठरलेला असतो. टाळ्याही ठरलेल्या. पण मोहल्ल्यातल्या एखाद्या बी. ए. झालेल्या पोराने नाक्यावर भजीपावची किंवा नान-खलियाची गाडी लावली, की 'शिकून हेच करायचं होतं का?' असे विचारणारेही आपणच. सोयरीक जमवताना तर 'मुलगा गाडी लावतो' हे दबक्या आवाजात सांगितले जाते.

वास्तव काय आहे? मुस्लिम पुरुष कामगारांपैकी 12 टक्क्यांहून अधिक रस्त्यावरच्या विक्रीत आहेत आणि देशाची सरासरी 8 टक्क्यांहून कमी आहे, असे सच्चर समितीने 2006 साली नोंदवले. म्हणजे ज्या धंद्याची आपल्याला लाज वाटते, त्यावरच आपल्यातल्या कितीतरी चुली पेटतात.

जकातीतून किंवा वर्गणीतून हातगाडी घेऊन देणारे दानशूर आपल्यात आहेत. त्यांचे मोल कमी नाही. पण गाडी दिली म्हणजे धंदा उभा राहिला का? चार दिवसांनी अतिक्रमण विरोधी पथक येते आणि शेगडी-पातेल्यांसकट सारे उचलून नेते. मग पुन्हा उभे राहण्यासाठी हप्ता आणि हप्त्यासाठी रोजवसुलीचे कर्ज. 9 हजार हातात घ्यायचे आणि रोज 100 रुपये याप्रमाणे 100 दिवस फेडायचे. वरवर व्याज 1 हजारच. पण मुद्दल रोज घटत असते हे लक्षात घेतले, तर वर्षाचा दर 75 टक्क्यांच्या वर जातो! 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज 10 हजारांचे होते, 2025 मध्ये ते 15 हजारांचे झाले. पण तिथे विक्रीचे प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. जो कागदावर नाही, तो सावकाराच्याच दारात जाणार.

रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेच्या कलम 19 मधला हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात 1989 सालीच म्हटले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याला आकार दिला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवायचे नाही. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची. शुल्क भरून मागणी केली, की नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात एकतृतीयांश स्त्रिया आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व. मोहल्ल्यातल्या किती गाडीवाल्यांना, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती पदवीधरांना, हे ठाऊक आहे?

'पालिका कायदा पाळते कुठे?' हा प्रश्न रास्त आहे. मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले. समितीच्या निवडणुकीचे मतदान मात्र 2024 च्या ऑगस्टमध्ये झाले आणि मतदार यादीत सुमारे 32 हजार नावे होती. पण यादीबाहेर राहिलेल्यांत आपले किती, हे मोजायची तसदी तरी आपण कुठे घेतली? रस्ता पादचाऱ्यांचाही आहे, खाणाऱ्याला स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे, हेही खरे. म्हणून तर जागेचा दाखला आणि अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी दोन्ही हवीत. नियम पाळणाऱ्यालाच नियमाच्या बळावर भांडता येते.

तेव्हा मेळावे भरवणाऱ्या संस्थांनी पुढच्या वर्षी एक भाषण कमी करावे. त्याऐवजी मोहल्ल्यात एक टेबल मांडावे, लिहिता-वाचता येणारी चार पोरे बसवावीत आणि प्रत्येक गाडीवाल्या भावाचा, खानावळीचे डबे विकणाऱ्या प्रत्येक आपाचा अर्ज भरून पालिकेची पोच घ्यावी. हातगाडी देणाऱ्यांनीही गाडीसोबत ही पोच हातात ठेवावी. आणि समितीची निवडणूक लागेल तेव्हा नगरसेवकाच्या प्रचाराला जेवढे धावतो, त्याच्या निम्मे तरी धावावे.