गोल्फचें कुरण आणि गांवचें गायरान

शहराभोंवतींच्या उत्तमोत्तम गोल्फमैदानांच्या याद्या हल्लीं वारंवार छापून येतात. कोणत्या मैदानाची हिरवळ मखमालीसारखी आहे, कोठें तळें नेमकें अडचणीच्या जागीं खोदलें आहे, कोणत्या क्लबाचें भोजनगृह नांवाजलेलें आहे, हें सर्व त्यांत असतें. आणि शेवटीं 'सार्वजनिक' व 'खासगी' अशी एक निर्विकार वर्गवारी असते. या दोन शब्दांवरून यादीकार जितक्या सहजपणें पुढें जातो, तितक्या सहजपणें आम्हांस जातां येत नाहीं. उत्तम मैदान कोणतें, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या हिरवळीपेक्षां त्याच्या कुंपणावर अधिक अवलंबून आहे, हें दाखवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

घनसावंगीच्या माणसानें गोल्फविषयीं लिहावें याचें कोणास हंसूं येईल. आमच्या पंचक्रोशींत हा खेळ नाहीं, आणि तो नाहीं म्हणून कोणी दुःखीहि नाहीं. परंतु जमीन आणि पाणी हीं दोन्ही सर्वांच्या मालकीचीं असतात. त्यांचा हिशेब विचारण्यास हातीं काठी व चेंडू असावा लागत नाहीं.

प्रथम खेळाची बाजू मांडणें न्यायाचें होईल. गोल्फ हा परकीय खेळ म्हणून त्याज्य, असें म्हणणारांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. क्रिकेट तरी कोठें गोदाकांठीं जन्मास आलें? उलट गोल्फमध्यें एक गुण असा आहे कीं, त्याची वाखाणणी करणें प्राप्त आहे. या खेळांत पावलोपावलीं पंच उभा नसतो. आपले फटके आपणच मोजावयाचे, आपली चूक आपणच सांगावयाची, आणि उखडलेली हिरवळ आपल्याच हातानें बसवावयाची, असा त्याचा शिष्टाचार आहे. असा खेळ कोणत्याहि देशांतील तरुणांस शिकविण्याजोगाच आहे.

शिवाय तो मुळांत श्रीमंतांचा खेळ नव्हे. स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या अमदानींत, सन १४५७ मध्यें, पार्लमेंटनें चेंडूच्या खेळांबरोबर गोल्फलाहि मनाई केली. कारण लोक त्यांतच रमूं लागले व धनुर्विद्येचा सराव मागें पडला. केवळ सरदारांच्या करमणुकीस अशी मनाई करावी लागत नाहीं. समुद्रकांठच्या ज्या रेताड जमिनीवर नांगर चालत नव्हता, तेथें गांवाचीं मेंढरें चरत, बायका वाळवणें घालीत, आणि त्यांच्यामधून वाट काढीत लोक चेंडू टोलवीत. ज्या सेंट अँड्र्यूजला गोल्फची काशी म्हणतात, तेथें १७६४ सालीं बावीस खळग्यांचे अठरा झाले आणि तोच आंकडा पुढें जगानें उचलला. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तेथील जुनें मैदान आजहि सार्वजनिक मालकीचें आहे. १८९४ च्या कायद्यानें तें नगरपालिकेच्या हातीं आलें, व १९७४ च्या कायद्यानें त्याचा कारभार एका विश्वस्त संस्थेकडे गेला. पहिल्या व अठराव्या खळग्याच्या वाटेला छेदून गांवचा रस्ता जातो. आणि दर रविवारीं एरवीं खेळ बंद ठेवून तें मैदान गांवकऱ्यांच्या फेरफटक्यास मोकळें असतें. साऱ्या जगाचे खेळाडू जेथें यात्रेस येतात, तेथें आठवड्याचा एक दिवस मुलेंबाळें आणि कुत्रीं स्वच्छंद हिंडतात. आणि त्यामुळें त्या तीर्थाचें माहात्म्य अणुमात्र कमी झालेलें नाहीं.

हा खेळ आमच्याकडे आला तो मात्र गायरानावरून नव्हे, छावणीतून आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. साहेबानें खेळ आणला, पण गांवकऱ्यांचा रविवार तिकडेच ठेवला, आणि त्याच्या जागीं पहारेकरी उभा केला. लॉर्ड विलिंग्डन यांनीं १९१७ च्या सुमारास मुंबईंत जो क्लब काढला, त्यांत हिंदी व युरोपियन दोघांसहि प्रवेश होता, आणि ही त्या काळीं मोठी उदार गोष्ट समजली गेली. चेंबूरचा क्लब १९२७ चा. पुढें साहेब गेला. पहारेकरी मात्र राहिला. २०१७ सालीं दिल्लीच्या गोल्फ क्लबांत, पाहुणी म्हणून आलेल्या एका खासी स्त्रीस तिच्या पारंपरिक पोशाखामुळें भोजनगृहांतून उठून जाण्यास सांगितल्याचें वृत्त देशभर गाजलें. स्वराज्यास सत्तर वर्षें होत आलीं असतां आपल्याच देशाचा पोशाख आपल्याच राजधानींत अपात्र ठरावा, यास खेळ जबाबदार नाहीं. कुंपण जबाबदार आहे.

कुंपण काढतां येतच नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. नाशिकच्या मध्यवस्तींत एक विस्तीर्ण मैदान आहे. जुने लोक त्यास अद्याप 'गोल्फ क्लब' म्हणतात. त्याचें आजचें नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. औरंगाबादेस शिकणाऱ्या या तरुणानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यास गोळी घातली, आणि १९ एप्रिल १९१० रोजीं तो ठाण्यास फांशीं गेला. साहेबाच्या खेळाच्या जागेस त्याच्या वैऱ्याचें नांव मिळालें, यांत काव्यमय न्याय आहेच. पण आम्हांस त्याहून गोड वाटतो तो साधा न्याय. तेथें पहाटे वृद्ध फिरतात, मुलें क्रिकेट खेळतात, रणजी करंडकाचे सामनेहि झाले आहेत. आमच्या मतें महाराष्ट्रांतील सर्वोत्तम गोल्फमैदान हेंच. आणि त्यावर गोल्फ खेळला जात नाहीं, एवढ्या कारणासाठीं त्याचें नांव यादींतून गाळणें बरें नव्हे.

आतां पाण्याचा प्रश्न. अठरा खळग्यांचें मैदान शंभर-दीडशें एकर जागा व्यापतें, आणि आमच्यासारख्या आठ महिने कोरड्या प्रदेशांत त्याची हिरवळ राखावयाची तर उन्हाळ्यांत दररोज लक्षावधि लिटर पाणी ओतावें लागतें. स्कॉटलंडांत हें काम पाऊस फुकट करतो. लक्षावधि म्हणजे किती, हें शहरी वाचकांस उमगावें म्हणून एक माप देतों. एप्रिल २०१६ मध्यें तहानलेल्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी नेलें. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या, आणि त्यांत पांच लक्ष लिटर पाणी होतें. तें पाहण्यास लोक स्थानकावर लोटले. त्याच महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. क्रिकेटच्या एका पटांगणाचें पाणी न्यायासनास खटकलें. मग शंभर एकरांच्या हिरवळीनें कोणास खटकूं नये काय? आमच्या जालना जिल्ह्यांत २०१२-१३ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षें लेंकराप्रमाणें वाढविलेलीं झाडें शेतकऱ्यांस स्वतःच्या हातानें तोडावीं लागलीं. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यांतून जातो. त्यांत पाणी कधीं सुटेल याची वाट पाहणें म्हणजे काय, हें येथें पोरासोरांसहि ठाऊक आहे.

विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, गोल्फमैदानांमुळेंच शहरांत हिरवा टापू शिल्लक राहिला. क्लब नसता तर तेथें इमारती उठल्या असत्या. यांत तथ्य आहे. परंतु चोरापासून धन राखणारानें तें स्वतःच्याच तिजोरींत ठेवावें, हा राखणीचा अर्थ नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, खासगी संस्थेच्या कारभारांत इतरांनीं डोकावूं नये. जमीन स्वतःची विकत घेतलेली असेल तर हें बव्हंशीं मान्य. पण जेथें ती सरकारची असून भाडेपट्ट्यानें दिलेली आहे, तेथें क्लब कूळ आहे आणि जनता मालक. आणि मालकास शेत पाहण्याची बंदी करणारें कूळ आम्हीं तरी ऐकिलेलें नाहीं. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा पट्टा २०१३ सालीं संपला. २०२४ मध्यें त्यांतील सुमारें १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठीं महापालिकेकडे देण्याचें ठरलें, आणि शर्यतीहि चालूं राहिल्या. जें घोड्यांच्या बाबतींत जमलें, तें चेंडूच्या बाबतींत कां जमूं नये?

खारघरला सिडकोनें पैसे भरून कोणासहि खेळतां येईल असें मैदान केलें, हें एक पाऊल पुढें खरें. परंतु ज्याचें दार थैलीनें उघडतें, तें मैदान सार्वजनिक म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें. आमचें मागणें त्रिविध आहे. सरकारी जमिनीचा पट्टा नवा करतांना आठवड्याचा एक दिवस नागरिकांस मोकळा ठेवण्याची अट घालावी. धरणाचा अथवा विहिरीचा थेंब हिरवळीस न देतां शहराचें शुद्ध केलेलें सांडपाणीच वापरावें. आणि जवळच्या शाळांतील मुलांस कांहीं तास हा खेळ विनामूल्य शिकवावा. भारतीय खुली स्पर्धा दोन वेळां जिंकणारा चौरसिया हा कलकत्त्याच्या मैदानावर हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा. कुंपणाच्या आंत वाढल्यामुळें त्याचे गुण दिसले; बाहेर राहिलेल्या किती गुणांस आपण मुकलों, याची मोजदाद कोण करणार?

आणि हा नियम आम्ही स्वतःसहि लावूं. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. मारुतीचें देऊळ तेथें तालीम, ही बलोपासनेची परंपरा त्यांच्याच नांवानें सांगितली जाते. तींत शिष्यास सभासदत्वाचा अर्ज भरावा लागत नसे. पण आज खेड्यापाड्यांतून गायरानावर अतिक्रमण करणारा कोणी साहेब नसतो; आपल्यांतलाच बडा माणूस असतो. अशा सामाईक जमिनी गांवास परत मिळवून द्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०११ मध्यें दिला. त्याचें पालन किती झालें, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवाच्या शिवेवर जाऊन पाहावें. येरवड्याच्या हिरवळीकडे बोट दाखविणारानें आपल्या गांवच्या गायरानाचाहि सातबारा काढावा. नाहीं तर आमचें हें सर्व बोलणें परनिंदेच्या कोटींत जमा होईल.

यादीकारांस एवढेंच सांगणें कीं, पुढील यादींत खळग्यांची संख्या जरूर द्यावी. परंतु तिच्याशेजारीं आणखी एक रकाना आंखावा. त्यांत आठवड्यांतून किती दिवस तें फाटक सामान्य माणसास उघडें असतें, तो आंकडा लिहावा. ज्या मैदानापुढें शून्य पडेल, त्याच्या हिरवळीचें वर्णन मग कितीहि रसाळ असो, तें उत्तमांत गणलें जाऊं नये.